वॉलमनच्या घराची खिडकी

आमच्या गल्लीत नळाला पाणी शेजारच्या गल्लीपेक्षा वीस मिनिटं जास्त राहतं. उन्हाळ्यात नळ आठ-आठ दिवसांनी येतो तेव्हा वीस मिनिटं म्हणजे काय, हे परभणीकडच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. तेवढ्यात दोन ड्रम भरतात, हौद काठोकाठ होतो, वर घरातली झाडून सगळी पातेली भरून होतात. शेजारच्या गल्लीतल्या बायका आमच्या नावानं बोटं मोडतात. आमच्या गल्लीतले लोक मात्र मला बघून खुशीत म्हणतात, "सरांची कृपा हाय ही. वॉलमन सरांना लय मानतो." मी मान हलवतो आणि पाईप दुसऱ्या ड्रमात टाकतो.

तो मला का मानतो, ते आज लिहून टाकतो. बायकोला यातलं अर्धंच माहीत आहे. बाकीचं अर्धं मी इतकी वर्षं गिळून बसलोय, आणि ते पचत नाही.

वॉलमन म्हणजे नगरपरिषदेचा पाणी सोडणारा. कमरेइतकी लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून सायकलीवर हिंडायचं, प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी जमिनीत असलेला व्हॉल्व्ह फिरवायचा, ठरल्या वेळानं बंद करायचा. शिवाय टाकीत टीसीएल पावडर टाकायची, म्हणजे पाण्यातले जंतू मारणारी ती पांढरी, नाकाला झोंबणारी भुकटी. राहायला तो आमच्याच गल्लीत, अगदी वरच्या टोकाला, पत्र्याच्या दोन खोल्यांत. घरात तो आणि त्याची बायको. मुलगी सोनपेठला दिलेली. बायको पालमकडची, ठणठणीत आवाजाची. नवऱ्यानं चावी फिरवली की ती बाहेरच्या खोलीच्या खिडकीत उभी राहून आरोळी द्यायची, "पानी सुटलं गंऽऽ!" खालच्या टोकापर्यंत ऐकू जायचं. आमच्या गल्लीत कुणी नळाला कान लावून बसत नसे. तिचा आवाज आला की घराघरात मोटरी सुरू व्हायच्या.

त्या दोघांची गल्लीत काय बडदास्त होती! कुणाकडं आमरस झाला की पहिला डबा वरच्या टोकाला. पुरणपोळी झाली की पहिली चवड तिकडं. जिनिंगमधले एक मुनीम आमच्या गल्लीचे पुढारी, त्यांना कुणी निवडलेलं नाही पण त्यांनी स्वतःला निवडलेलं आहे. ते तर त्याला भर चौकात 'वॉलमनसाहेब' म्हणायचे. गरज सरो, वैद्य मरो, अशी म्हण आहे. आम्ही एक पाऊल पुढं गेलो. गरज सरायची वाटसुद्धा पाहिली नाही.

आता माझ्याबद्दल. मी इथल्या शाळेत विज्ञान शिकवतो. दरवर्षी आठवीच्या वर्गात मी एक प्रयोग करतो. सगळ्या खिडक्या, दार लावून घ्यायला लावतो, टेबलावर एकच उदबत्ती पेटवतो आणि सांगतो, वास आला की हात वर करा. आधी पहिल्या बाकावरचे हात वर होतात, मग मधले, आणि पाच मिनिटांत मागच्या बाकावरचे टगेसुद्धा. मग खिडक्या उघडायच्या. थोड्या वेळानं वास नाहीसा होतो. बंद खोलीत एकाच्या जवळची गोष्ट सगळ्यांच्या नाकात जाते, खिडकी उघडली की पातळ होऊन बाहेर जाते, हे मी फळ्यावर लिहून देतो आणि पोरं ते उतरवून घेतात. इतक्या वर्षांत मी हे इतक्यांदा शिकवलंय की झोपेतही म्हणेन. म्हणजे पुढं जे झालं ते मला कळत नव्हतं, असं म्हणायची सोय मला नाही.

दुसऱ्या लाटेचा उन्हाळा होता. बस बंद, बाजार बंद, परभणीच्या दवाखान्यांत बेड नाही. ज्यांना फार त्रास नाही त्यांनी घरीच राहायचं, असं ठरलं होतं. आम्हा शिक्षकांना ड्युट्या लागल्या. माझी ड्युटी अशी की आमच्या भागातल्या घरी ठेवलेल्या पेशंटांना रोज सकाळी फोन करायचा, ताप किती, ऑक्सिजन किती, हे विचारायचं आणि फॉर्मवर लिहायचं.

त्यात एक दिवस वॉलमनचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. आदल्याच दिवशी त्यानं आमच्या गल्लीला पाणी सोडलं होतं. बातमी फुटली आणि तासाभरात गल्लीत पाण्याचा पूर आला. लोकांनी हौद उपसले. ड्रम आडवे केले. ज्या पाण्यासाठी शेजाऱ्याच्या झिंज्या उपटायच्या, ते पाणी भर मे महिन्यात रस्त्यावर ओतलं, आणि कुत्री ते चाटत बसली. ओतता ओतता मुनीम माझ्या दारापुढं थांबले.

"सर, तुमी सायन्सवाले. पाण्यातून यतो का हो ह्यो?"

मला उत्तर माहीत होतं. नळाच्या पाण्यात टीसीएल आहे, त्यात हा विषाणू टिकत नाही, आणि ती पावडर त्याच माणसानं आपल्या हातानं टाकलेली आहे. एवढं बोलायला दहा सेकंद लागतात. पण त्या वर्षी गल्ली पहिल्यांदाच मला काही विचारत होती. इतकी वर्षं मी म्हणजे पोरांचे मार्क वाढवून मागायचं ठिकाण. आता माणसं हात जोडून उभी होती आणि त्यांच्या डोळ्यांत भीती होती. ती भीती दहा सेकंदांत घालवली असती तर ते घरी गेले असते. मी कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणालो, "आत्ताच काही सांगता येत नाही. काळजी घेतलेली बरी."

मुनिमांनी उरलेला हौदही उपसला.

घरात आलो तर बायको विचारायला लागली, "अहो, आपलंबी टाकायचं का?"

"वेडी आहेस का? पाण्यात क्लोरीन आहे. काही होत नाही."

"आन् लोकायच्या पाण्यात न्हाई का?" ती म्हणाली. मी चष्मा पुसत बसलो. दोन दिवसांनी लोक भांडी घेऊन आमच्या दारात आले तेव्हा मी मोठ्या मनानं प्रत्येकाला दोन-दोन हंडे दिले. त्यांनी मला धन्यवादही दिले.

उथळ पाण्याला खळखळाट फार. मी तेवढ्यावर थांबलो नाही. फोनवर एक लेख वाचला होता, शहरातल्या सांडपाण्यात विषाणू सापडल्याचा. लेख मी पूर्ण वाचला होता. त्यात लिहिलं होतं की सांडपाण्यात विषाणूचे अवशेष सापडतात आणि ते तपासून साथ वाढतेय की उतरतेय हे आधी कळू शकतं. गटारामुळं माणसाला लागण होते असं दिसलेलं नाही, खरा धोका माणसाच्या श्वासाचा आणि बंद खोलीतल्या हवेचा आहे, असंही खाली होतं. मी गल्लीच्या ग्रुपवर काय टाकलं? नुसत्या मथळ्याचा फोटो. 'सांडपाण्यात सापडला विषाणू.' खाली मी लिहिलं, 'सावध राहा.' अर्ध्या तासात सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं टाकली.

आमच्या गल्लीतून एकच उघडी नाली जाते, वरून खाली. वॉलमनचं घर वरच्या टोकाला, म्हणजे त्याच्या मोरीचं पाणी आमच्या प्रत्येकाच्या उंबऱ्यापुढून वाहणार. लोकांनी हे आजवर कधी मनातही आणलं नव्हतं. माझा मथळा वाचल्यावर सगळ्यांना एकदम आठवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुनिमांच्या बाहेरच्या खोलीत बैठक झाली. आम्ही बारा जण होतो. बाहेर ऊन मी म्हणत होतं, म्हणून दार लावलं. वरच्या टोकाकडची हवा यायला नको, म्हणून खिडक्याही लावल्या. कूलर एरवी खिडकीबाहेर असतो तो आत ओढून घेतला आणि फुल्ल सोडला. आमचाच श्वास कूलर ओढायचा, गार करायचा आणि परत आमच्याच तोंडावर फेकायचा. मास्क सगळ्यांचे हनुवटीवर, कारण चहा आला होता. एक जण खोकत होता. तो म्हणाला, धुळीनं झालंय. विज्ञान शिकवणारा माणूस त्या खोलीत कूलरच्या बरोबर समोर बसला होता, कारण सरांना मानाची जागा. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. त्या बंद खोलीत बसून आम्ही ठरवलं की रोग नालीतून येऊ द्यायचा नाही.

"सर, बरोबर हाय ना?" मुनिमांनी विचारलं.

"तात्पुरतं करायला हरकत नाही," मी म्हणालो. हे माझे शब्द आहेत आणि मला ते जसेच्या तसे आठवतात.

संध्याकाळच्या आत दोन जणांनी सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत मुरूम भरला आणि वॉलमनच्या घराखाली जिथं त्याच्या मोरीचा पाईप नालीला मिळतो, त्याच्या हातभर पुढं त्या गोण्या टाकून वर चिखल लिंपला. खाली नाली कोरडी झाली. बायकांनी आपापल्या उंबऱ्यापुढं टीसीएलच्या पांढऱ्या रेघा ओढल्या. काहींनी दोन-दोन ओढल्या. ती पावडरही वॉलमननंच मागं कधीतरी आणून दिलेली होती.

आता त्या घराचं काय झालं ते सांगतो, कारण ते मला रोज सकाळी फोनवर कळत होतं. वॉलमन आतल्या खोलीत झोपायचा, मोरी त्याच खोलीच्या कोपऱ्यात. बायको बाहेरच्या खोलीत. बाहेरच्या खोलीला ती नालीवरची खिडकी. पहिल्याच दिवशी मी तिला सांगितलं होतं, "ताई, खिडकी दिवसरात्र उघडी ठेवा. हवा खेळती राहू द्या." तिनं ऐकलंही होतं. माझ्या गच्चीवरून ती खिडकी दिसायची, सताड उघडी.

गोण्या टाकल्या त्याच्या तिसऱ्या सकाळी वॉलमन म्हणाला, "सर, नाली बुजवली हो लोकायनी. मोरीतून पानी उलटं यायलंय. आतल्या खोलीत घोट्याइतकी घाण झालीया. मला बाहेर पाय टाकता यत न्हाई, न्हाईतर मीच काढल्या असत्या. तेवढ्या दोन गोण्या काढायला सांगा की."

"बघतो," मी म्हणालो.

आमच्याकडं 'बघतो' याचा अर्थ सगळ्यांना माहीत आहे. त्यालाही माहीत असणार. तरी तो म्हणाला, "लय उपकार व्हतील."

मी बघितलं नाही. कारण त्याच दिवशी मला ताप भरला. अंग मोडून आलं, चहाची चव जाऊन तो नुसतं गरम पाणी लागायला लागला. बायकोलाही दोन दिवसांनी ताप. हे कुठून आलं, ते मला पुरतं ठाऊक होतं. कूलरसमोरची मानाची जागा अंगाला लागली होती. तपासणी करायला पाहिजे होती. पण तपासणी म्हणजे दारावर कागद, दारापुढं बांबू आणि आमच्या मोरीच्या तोंडाशी मुरमाच्या गोण्या. मी तापाच्या गोळ्या खाल्ल्या, 'उन्हाचा त्रास' असं सांगितलं आणि माझ्या मोरीचं पाणी त्याच नालीत सोडत राहिलो. बैठकीतले आणखी पाच-सहा जण त्याच आठवड्यात उन्हानं आजारी पडले. मुनिमांचा तर वासच गेला. नालीच्या दुर्गंधीची तक्रार कुणी केली की ते म्हणायचे, "मला तर काही वास यत न्हाई." बिचारे खरं बोलत होते.

म्हणजे अंगात ताप घेऊन मी रोज सकाळी फोन उचलायचो आणि विचारायचो, "ताप किती?"

चौथ्या दिवशी वॉलमननं परत विचारलं, "सर, बोललाव का मुनिमाला?"

"सांगून पाहिलं," मी म्हणालो. "ऐकत नाहीत लोक."

मी कुणाशी एक अक्षर बोललो नव्हतो. मुनिमांशी भांडलो असतो तर मुनीम म्हणाले असते, सर, तुमचा आवाज का बसलाय? वॉलमनची बाजू घेतली असती तर सगळ्यांची नजर माझ्या दाराकडं वळली असती. स्वच्छता निरीक्षकाला एक फोन केला असता तरी तासाभरात गोण्या निघाल्या असत्या. त्याचा नंबर माझ्या फॉर्मवरच छापलेला होता. मी भ्यालो होतो, आणि भ्यालेला शहाणा माणूस मूर्खापेक्षा जास्त नुकसान करतो.

"तुमी परयत्न केला, लय झालं," वॉलमन म्हणाला. "आतल्या खोलीत ऱ्हाता यईना. मी बाहेरच्या खोलीत आलोय. दोघं इतंच हाव."

मी फॉर्मवर ऑक्सिजन लिहिला, शहाण्णव. फॉर्मवर पेशंटचं एकच नाव होतं. त्याच्या बायकोचा ऑक्सिजन मी विचारला नाही, कारण तिच्यासाठी रकाना नव्हता.

पाचव्या दिवशी फोन तिनं उचलला.

"सर, एक इचारू का? खिडकी उघडी ठिवा म्हनला व्हता तुमी. पर खिडकीखालीच पानी तुंबलंय. वास आसा यायलाय की जेवन जात न्हाई. डास तर आंगाला डसून खायलेत. काय करू? उघडीच ठिवू का लावून घेऊ?"

मी गच्चीवर उभा होतो. समोर तिची खिडकी उघडी दिसत होती आणि तिच्या आत तिच्या साडीचा हिरवा रंग. खाली मुनीम ओट्यावर बसले होते. 'उघडी ठेवा' म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न गोण्यांचा होता. परत एकदा खोटं बोलायला लागलं असतं, किंवा खाली उतरून दोन गोण्या ओढायला लागल्या असत्या. मला दोन्ही नको होतं. मला खाली जाऊन झोपायचं होतं.

"मग लावून घ्या खिडकी," मी म्हणालो.

"बरं सर. बरं झालं तुमाला इचारलं."

माझ्या डोळ्यांदेखत तिनं खिडकीची दोन्ही दारं ओढली. आतून कडी लावल्याचा आवाज एवढ्या अंतरावर येणं शक्य नाही, पण मला तो आला असं वाटतं. बाहेरच्या दारापुढं तर बांबूच होते, ते दार लोक उघडू देत नव्हते. पत्र्याखाली, एका बंद खोलीत, आजारी नवरा आणि धडधाकट बायको. आठवीतल्या मागच्या बाकावरच्या पोरालाही उत्तर आलं असतं.

सहाव्या दिवशी मी विचारलं, "कसं आहे, ताई?"

"आता वास कमी हाय सर. आत उदबत्ती लावून ठिवलीया. मोगऱ्याची. साऱ्या घरात दरवळ सुटलाय बगा."

मी फोन ठेवला. खाली येऊन पलंगावर बसलो. बायकोनं विचारलं काय झालं, तर म्हणालो, काही नाही, ऊन लागलं. त्या क्षणी उठून गेलो असतो तरी चाललं असतं. मी माझं नाक दाबून धरलं होतं, जणू तो मोगरा मला यायला लागला होता. मग झोप लागली.

त्यानंतरच्या आठवड्यात एक-दोन फोन चुकवले. फॉर्मवर अंदाजानं आकडे लिहिले. मग एका सकाळी वॉलमनचाच फोन आला. "सर, माझं बरं हाय. हिलाच दम लागायलाय. कालपासून."

"तिच्या बोटाला मशीन लावा."

थोडा वेळ गेला. "ब्याऐंशी दावायलंय सर. चांगलं हाय का?"

त्या एका दिवशी मात्र मी भराभर फोन केले. दुपारपर्यंत गाडी आली. गाडी आत येत नव्हती, चौकात थांबली. ती दारातून स्वतः चालत बाहेर आली, बांबू बाजूला केले. गोण्यांपाशी आल्यावर थांबली, साडी जरा वर धरली आणि ओलांडून गेली. सगळ्या गल्लीची दारं लावलेली. फटींतून डोळे. एवढी वर्षं ज्या आवाजावर सगळी गल्ली उठून पळायची, तो आवाज कसाबसा निघाला. माझ्या गच्चीकडं बघून ती म्हणाली, "सर... ह्यांच्याकडं ध्यान ठिवा." मी हात वर केला. आठवीतली पोरं करतात तसा.

परभणीच्या दवाखान्यात चौथ्या दिवशी ती वारली. बस बंद असल्यामुळं सोनपेठच्या पोरीला येता आलं नाही, आणि ती आली असती तरी काही बघायला मिळालं नसतं. प्लास्टिकमध्ये गुंडाळून तिकडंच उरकलं.

बातमी आली त्या दुपारी मुनीम पायजमा वर खोचून स्वतः नालीत उतरले. त्यांनी दोन्ही गोण्या ओढून काढल्या. इतक्या दिवसांचं तुंबलेलं काळं पाणी भसकन सुटलं आणि सगळ्यांच्या उंबऱ्यापुढून, माझ्याही, खळखळत खाली गेलं. टीसीएलच्या रेघा वाहून गेल्या. त्या दिवशी त्या पाण्याला कुणी भ्यालं नाही. गोण्यांतला मुरूम एकानं आपल्या दारापुढच्या खड्ड्यात टाकला, तो अजून तिथं आहे.

लोक म्हणतात, नवरा आजारी म्हटल्यावर बायकोला होणारच होतं. असेल. खिडकी उघडी असती तरी झालं असतं, कदाचित. कदाचित नसतं झालं. मी या 'कदाचित'मध्ये बरीच वर्षं राहतोय. राहायला जागा चांगली आहे, फक्त तिला खिडकी नाही. मेलेल्या बाईचा हिशेब कुणी मागितला नाही, म्हणून मी तो दिला नाही, एवढं खरं.

वॉलमनचे दिवस भरले, दारावरचा कागद निघाला. तो कामावर रुजू झाल्यावर आमच्या गल्लीच्या पाण्याचा पहिला दिवस आला. सकाळची वेळ. मी ओट्यावर पेपर वाचत होतो. गल्लीच्या तोंडाशी व्हॉल्व्ह फिरवून, चावी खांद्यावर टाकून तो सरळ माझ्या दारात आला. अंगानं निम्मा झाला होता. मी उभा राहिलो. वाटलं, आता हा चावी उचलून माझ्या टाळक्यात घालणार. खरं सांगतो, घातली असती तर बरं वाटलं असतं.

त्यानं चावी भिंतीला टेकवली आणि वाकून माझ्या पायांना हात लावला.

"सर, साऱ्या गल्लीनं पाठ फिरवली. तुमी एकलेच रोज फोन करायचाव. आमच्यासाठी लोकायशी भांडलाव. ती जाताना बी म्हनली, सरांला इसरू नका. त्यायनीच सांगितलं खिडकी लावून घ्या, म्हनून दोन रातीची झोप तरी लागली."

मी म्हणालो, "अरे, ऐक." एवढंच म्हणालो. पुढचं सगळं तोंडात होतं. गोण्यांचं, मथळ्याचं, तापाचं, खिडकीचं. ओळीनं लागलेलं होतं, फळ्यावर लिहितो तसं.

तेवढ्यात आतून बायकोनं मला विचारलं, "अहो, पाण्याचा दिवस ना आज? सुटलं का? आज आवाज कसा न्हाई आला?"

त्यानं ते ऐकलं. वरच्या टोकाकडं एकदा बघितलं आणि मोठ्यानं, आत ऐकू जाईल असं म्हणाला, "सुटलंय मॅडम. भरून घ्या. सरांसाठी आज जरा जादा सोडतो."

त्यानं चावी उचलली आणि गेला. मी आत जाऊन मोटर लावली आणि पाईप ड्रमात टाकला. त्या दिवशी पाणी पहिल्यांदा वीस मिनिटं जास्त आलं, आणि मी ते सगळं भरून घेतलं.